पायाची नस ब्लॉक: गोळ्या, अँजिओप्लास्टी की बायपास?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील 66 वर्षांचे, मधुमेह आहे, सिगारेट अजून चालू. 200 मीटर चाललं की डावी पोटरी भरून येते, दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की थांबते. डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) मांडीतली मुख्य धमनी (एसएफए) पूर्ण बंद. जखम नाही. पुण्यातल्या एका डॉक्टरांनी लगेच अँजिओप्लास्टी (फुगा किंवा स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, घालून धमनी आतून उघडणं) सांगितली, दुसऱ्यांनी बायपास (बंद भागाला वळसा देणारी दुसरी नस किंवा नळी जोडणं), फॅमिली डॉक्टर म्हणतात आधी गोळ्या आणि चालणं.

जखम खरंच नसेल तर मी फॅमिली डॉक्टरांच्या बाजूने आहे. ‘100 टक्के ब्लॉक’ वाचून घरातले सगळे घाबरतात, पण हृदयाचा नियम पायाला लागू होत नाही. मांडीतली ही धमनी बंद झाली तरी मांडीत खोलवर असलेल्या दुसऱ्या मोठ्या धमनीच्या फांद्यांतून रक्त गुडघ्याखाली पोहोचतं. म्हणून रिपोर्टच्या आधी पाय बघायचा.

पाय धोक्यात आहे हे ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. रात्री पाऊल किंवा बोटं ठणकतात, पलंगावरून पाय खाली लोंबकळत सोडला की बरं वाटतं. पाय वर उचलला की पांढरा पडतो, खाली सोडला की लालबुंद होतो. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, काळं पडलेलं बोट. मधुमेहात पाय बधिर असतो, त्यामुळे दुखत नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. रोज रात्री आरसा धरून तळवा आणि बोटांमधल्या बेचक्या तपासा. यातलं काहीही दिसलं तर पुढचं चालण्याचं प्रकरण सोडून त्याच आठवड्यात व्हॅस्क्युलर सर्जन (रक्तवाहिन्यांचे सर्जन) गाठा.

एबीआय करून घ्या. म्हणजे घोट्याशी मोजलेल्या रक्तदाबाचा वरचा आकडा भागिले दंडाचा वरचा आकडा. 0.9 च्या खाली म्हणजे आजार आहे, 0.4 च्या खाली म्हणजे गंभीर. मधुमेहात धमनीत चुना साठून ती दाबलीच जात नाही आणि आकडा 1.4 च्या वर, खोटा येतो. तसं झालं तर अंगठ्याचा दाब मोजायला सांगा.

आता चालणं. ‘रोज थोडं फिरा’ म्हणजे उपचार नव्हे. आठवड्यातून किमान तीनदा, विश्रांती धरून 30 ते 45 मिनिटं, निदान 12 आठवडे. सपाट जागा घ्या. सारसबाग किंवा सोसायटीचं आवार चालेल, पर्वतीच्या पायऱ्या नकोत. पोटरी चांगली दुखेपर्यंत चालायचं, दुखणं पूर्ण थांबेपर्यंत बसायचं, पुन्हा उठायचं. दुखायला लागण्याआधीच थांबणारे फारसे सुधारत नाहीत. बहुतेकांचं इथेच बिनसतं आणि मग ‘चालून काही झालं नाही’ म्हणतात. हृदयाचा त्रास असेल तर सुरू करण्याआधी ईसीजी आणि टूडी इको. पाय बधिर असेल तर बूट-मोजे घालूनच.

गोळ्यांत रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल यांपैकी साधारणपणे एक पुरते. कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन मात्र भरपूर डोसमध्ये लागतं. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 70 च्या खाली, जमल्यास 55 च्या खाली. या आजारात पाय जाण्यापेक्षा हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका मोठा असतो, म्हणून या गोळ्या आयुष्यभराच्या. सिलोस्टॅझॉल 100 मिलिग्रॅम दोनदा, जेवणाआधी अर्धा तास, हे चालण्याचं अंतर वाढवतं. डोकेदुखी, पातळ शौच, धडधड होऊ शकते. हृदयाचं पंपिंग कमजोर असेल तर ते अजिबात देत नाहीत. ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल चालू असेल तर डोस निम्मा करावा लागतो, आणि ही गोळी पुण्यात घरोघरी असते, तेव्हा डॉक्टरांना आठवणीने सांगा.

तीन-चार महिने हे नीट करूनही अंतर वाढलं नाही आणि रोजचं जगणं अडलं, तर अँजिओप्लास्टीचा विचार. तिचा निकाल ब्लॉक कुठे आहे यावर ठरतो. पोटातल्या-कंबरेतल्या धमनीत स्टेंट उत्तम चालतो, वर्षानुवर्षं उघडा राहतो. जांघेत स्टेंट टाळतात, कारण तिथे पाय वाकतो आणि स्टेंट मोडू शकतो. तिथे छोटा छेद घेऊन आतला थर खरवडून काढणं चांगलं. मांडीत फुगा, औषध लावलेला फुगा किंवा स्टेंट. ब्लॉक जितका लांब तितका परत बंद होण्याचा धोका जास्त. गुडघ्याखाली दोन-तीन मिलिमीटरच्या धमन्या, तिथे फुगाच, आणि त्या बऱ्याचदा काही महिन्यांत पुन्हा आकसतात. जखम भरेपर्यंत रक्त पोहोचवायला ते पुरतं. नुसतं चालण्याचं अंतर वाढवायला गुडघ्याखाली हात घालू देऊ नका. औषधाच्या फुग्यामुळे मृत्यू वाढतात अशी भीती 2018 च्या शेवटी पसरली होती. 2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने नंतरची माहिती पाहून तसा वाढीव धोका दिसत नाही असं सांगितलं.

बायपास कधी? पाय धोक्यात, ब्लॉक लांब, रुग्ण भूल सोसण्याइतका धट्टाकट्टा आणि स्वतःची नस चांगली. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी ती वरवरची नस साधारण 3 मिलिमीटर तरी हवी. ऑपरेशनआधी सोनोग्राफीवर तिची मोजणी होते. हृदयाच्या बायपाससाठी ती आधीच काढली असेल किंवा व्हेरिकोज व्हेन्ससाठी (फुगलेल्या शिरांसाठी) जाळली असेल तर ती वापरता येत नाही. कृत्रिम नळी गुडघ्याच्या वर ठीक चालते, खाली लवकर बंद पडते.

दोन्ही डॉक्टर आपापल्या बाजूने अभ्यास दाखवतील. 2022 च्या बेस्ट-सीएलआय चाचणीत चांगली नस असलेल्यांना आधी बायपास केल्यावर पायाची मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू 42.6 टक्क्यांत, आधी अँजिओप्लास्टी केल्यावर 57.4 टक्क्यांत. नस चांगली नसलेल्यांत फरक पडला नाही. 2023 च्या बेसिल-2 मध्ये नेमकं उलटं: बायपासच्या गटात पाय गमावणं किंवा मृत्यू 63 टक्के, अँजिओप्लास्टीत 53, आणि हा फरक मुख्यतः मृत्यूंमुळे. बेसिल-2 मध्ये फक्त गुडघ्याखालपर्यंत काम लागणारे रुग्ण होते. दोन्ही अभ्यास पाय धोक्यात आलेल्यांचे आहेत. तुमच्या वडिलांना आज ते लागूच होत नाहीत; कोणी त्यांच्या आधारे घाई केली तर हे विचारा.

अँजिओप्लास्टीत बहुधा एक-दोन दिवस राहावं लागतं. जांघेत रक्तस्राव आणि डायमुळे (धमनी एक्स-रेत दिसावी म्हणून टोचतात ते औषध) किडनीला त्रास हे मुख्य धोके, म्हणून आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासा आणि मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन थांबवायची का ते विचारा. बायपासला साधारण आठवडा, जांघेची जखम चिघळू शकते, पाय काही आठवडे सुजतो. काहीही केलं तरी सिगारेट चालू राहिली तर बायपास बंद पडण्याचा धोका सुमारे तिप्पट. मशेरी, तंबाखूही बंद.

घरी गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका. बधिर पायाला भाजतं आणि ती जखम भरत नाही. व्हेरिकोजचे घट्ट मोजे घालू नका. पाऊल दुखत असेल तर उशीवर वर ठेवू नका, त्याने रक्त अजून कमी पोहोचतं. वारीत असो वा घरात, अनवाणी चालणं बंद. कुरूप ब्लेडने कापायची सवय असेल तर तीही.

पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला आणि बोटं हलेनाशी झाली तर 108 ला फोन करा आणि कॅथलॅब (अँजिओप्लास्टी होते ती खोली) व व्हॅस्क्युलर सर्जन असलेल्या रुग्णालयातच जा. स्नायूंना साधारण सहा तास मिळतात.

खर्चाचं: पुढे प्रोसिजर लागलीच तर दाखल होण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला (योजनेचा रुग्णालयातला मदतनीस) भेटा, कारण नियोजित उपचाराला मंजुरी आधी घ्यावी लागते. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात विचारा. शिवाय पुण्याचं सरकारी ससून रुग्णालय आहेच.