ली ग्रुप शिकायला सुरुवात कुठून करावी?

लिनियर अल्जेब्रा येतं, पण ली ग्रुपचं कुठलंही पुस्तक उघडलं की मॅनिफोल्डमध्येच (जवळून सपाट दिसणाऱ्या वाकड्या जागांमध्येच) अडकायला होतं, अशी तुमची तक्रार आहे. मग मॅनिफोल्ड तूर्त बाजूला ठेवा. मॅट्रिक्सवर बरंच भागतं.

चौरस ९० अंशांच्या पटीत फिरवला तरच पुन्हा जसाच्या तसा दिसतो, वर्तुळ मात्र कितीही फिरवा. एकामागून एक करता येतील आणि उलटवताही येतील अशा हालचालींचा संच म्हणजे ग्रुप; सलग बदलणाऱ्या सममितींचे ग्रुप ते ली ग्रुप. चेंडूसारखा गोल मध्यबिंदूभोवती फिरवण्याच्या सगळ्या तऱ्हा घेतल्या तर मिळतात ३×३ मॅट्रिक्स: ट्रान्सपोज हाच इन्व्हर्स आणि डिटरमिनंट १. हा एसओ(३).

सोफस ली या नॉर्वेच्या गणितज्ञाने १८७०च्या दशकात हेरलं की अख्ख्या ग्रुपशी झुंजायला नको, आयडेंटिटीच्या अगदी लगतच्या हालचाली पाहिल्या तरी पुष्कळ कळतं. ट्रान्सपोजच्या अटीचं तिथे डेरिव्हेटिव्ह घ्या (दोन ओळींचं काम आहे, स्वतः कराच). ज्यांचा ट्रान्सपोज घेतला की फक्त चिन्ह पलटतं, अशा मॅट्रिक्स मिळतात. कर्णावर शून्यं, मोकळे आकडे फक्त ३. वाकड्या ग्रुपऐवजी हाती आली सरळ व्हेक्टर स्पेस! फिरवण्याचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, ती गोष्ट ‘अब − बअ’ या कम्युटेटरमध्ये शिल्लक राहते. ही ली अल्जेब्रा.

रिप्रेझेंटेशन म्हणजे ग्रुपच्या प्रत्येक घटकाला एक इन्व्हर्टिबल मॅट्रिक्स नेमून देणं, गुणाकार सांभाळून. नुसती व्याख्या वाचून काही हाती लागत नाही. क्ष, य, झ यांच्या द्विघाती बहुपदी घ्या: क्ष², य², झ², क्षय, यझ, झक्ष. ६ मिती. गोल फिरवला की या एकमेकींत मिसळतात, पण क्ष² + य² + झ² जागचं हलत नाही. ते वेगळं काढलं की उरलेल्या ५ मितींचे आणखी तुकडे पडत नाहीत. म्हणजे ६ = १ + ५. एसओ(३)ची न फुटणारी रिप्रेझेंटेशन्स १, ३, ५, ७ अशा विषम मितींचीच असतात. रसायनशास्त्रातल्या एस, पी, डी, एफ ऑर्बिटलची संख्याही हीच, आणि तो योगायोग नाही.

सम मिती अल्जेब्राला चालतात, पण २ मितींत ३६० अंश फिरल्यावर उणे १ येतो. मूळ जागी यायला ७२० लागतात. तिथे एसयू(२) लागतो (२×२ कॉम्प्लेक्स मॅट्रिक्सचा ग्रुप: कॉन्जुगेट ट्रान्सपोज हाच इन्व्हर्स आणि डिटरमिनंट १), आणि इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याचा अंगभूत कोनीय संवेग, हाही तिथलाच.

आता त्रिघाती बहुपदी स्वतः फोडा. १० मिती आहेत, ७ + ३ यायला हवं. ३ कुठून येतात ते शोधताना क्ष² + य² + झ² ला क्ष, य, झ ने गुणून पाहा.