पार्किंगमधला ससा घरी आणण्याआधी

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलुंडला तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार दिवसांपासून एक पांढरा ससा हिंडतोय. कावळे टोचायला येतात, लेक म्हणते घरी आणू, सासूबाई म्हणतात घरभर वास सुटेल, आणि वॉचमनचा सल्ला असा की गोणीत घालून नॅशनल पार्कात सोडून द्या. शिवाय गाजर टाकलं तर तो हुंगूनही बघत नाही.

सगळ्यात आधी वॉचमनचं. ते अजिबात करू नका. पांढरा ससा म्हणजे पाळीव ससा, कोणीतरी हौसेने आणलेला आणि हौस फिटल्यावर खाली सोडलेला. मराठीत आपण पाळीव आणि रानातला, दोघांनाही ससाच म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. आपल्या रानातला ससा वेगळाच प्राणी. मातकट-तपकिरी अंग, लांब पाय, मानेमागे काळा पट्टा. त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात, आणि आई त्यांना दिवसभर गवतात एकटी ठेवते. म्हणून आरे किंवा येऊरच्या बाजूला असं पिल्लू दिसलं तर ते अनाथ समजून उचलायचं नाही. ते घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसतही नाही. जखमी असेल तर वनखात्याच्या 1926 या नंबरवर फोन करायचा. तुमचा पांढरा मात्र पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या जातीचा. त्याला ना बीळ ठाऊक, ना बिबट्या. जंगलात सोडला तर रात्र काढणार नाही. पाळलेलं जनावर असं उपाशी मरायला सोडणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे, हे वॉचमनला सांगून ठेवा. ज्याने सोडला तो कदाचित तुमच्याच एखाद्या विंगमधला असेल, म्हणून नोटीस बोर्डावर दोन दिवस चिठ्ठी लावा. कोणी येणार नाही, पण लावा.

आता पकडायचं कसं. 2011 साली आमच्या कन्नमवार नगरच्या बिल्डिंगखाली असाच एक करडा ससा आला होता. पोरं मागे धावली, कोणी झाडू आणला, कोणी क्रिकेटची स्टंप. ससा स्कूटरच्या स्टँडमागे जाऊन अडकला आणि एकदम किंचाळला. तोवर मला सशाला आवाज असतो हेच माहीत नव्हतं. लहान मूल चटका बसल्यावर ओरडतं ना, तसा. मी पोरांना हाकललं आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन जमिनीवर बसले. चांगला दीड तास. पाय बधिर झाले, वरच्या मजल्यावरच्या वहिनी खिडकीतून हसत होत्या. दिवेलागणीला तो स्वतःच आला, आधी नाक, मग मिशा, मग अर्धं अंग. ससे पहाटे आणि संध्याकाळीच जास्त हिंडतात, भर दुपारी तुमचा दम निघेल पण तो हाती लागणार नाही. भाजीवाल्याकडून एक प्लास्टिकचा क्रेट मागून आणा, आडवा ठेवा, आत कोथिंबीर, आणि बाकीच्या वाटा पुठ्ठ्यांनी बंद. तो आत शिरला की क्रेट उभा करायचा आणि वर चादर.

कान धरून उचलायचं नाही. चित्रात जादूगार उचलतो, ते विसरा. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि अंगाशी घट्ट. मागचे पाय मोकळे राहिले तर तो अशी लाथ झाडतो की स्वतःचाच कणा मोडून घेतो. त्याची हाडं फार हलकी असतात आणि मांड्या पैलवानाच्या. लेकीला सांगा, पहिले पंधरा दिवस उचलायचंच नाही. ती जमिनीवर बसेल, तो येऊन तिचा पाय हुंगेल.

घरी आणल्यावर आंघोळ घालायची नाही, कितीही मळलेला असो. ओला ससा गारठतो आणि घाबरून कोसळतो. ओल्या फडक्याने पाय पुसा, बस्स. कानाच्या कडा, नाक आणि नखांच्या मुळाशी पांढरट खपल्या दिसतात का बघा. दिसल्या तर ती खरूज. रस्त्यावरच्या सशांना हमखास असते, आणि आपल्यालाही थोडे दिवस खाज आणते, म्हणून हातमोजे घाला. औषध डॉक्टरांकडूनच. घरात कुत्र्याचं पिसवांचं औषध पडलंय म्हणून त्याचे दोन थेंब मानेवर टाकू नका. त्यात बऱ्याचदा फिप्रोनिल असतं आणि ते सशाला विष आहे.

गाजराचं तुम्ही लिहिलंत ते वाचून हसू आलं, आणि थोडी धास्तीही वाटली. हसू यासाठी की गाजर हे सशाचं जेवण नव्हेच, ते त्याचं श्रीखंड. धास्ती यासाठी की समोर आलेलं काहीच तो हुंगत नसेल, तर कदाचित खाणंच सुटलं असेल. त्याचं खरं जेवण म्हणजे गवत. ताटात ऐंशी टक्के गवत, तेही दिवसरात्र समोर. त्याचे 28 दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे तर महिन्याला सेंटीमीटरभर, आणि ते झिजतात गवत रवंथल्यासारखं चावून चावूनच. आतडीही गवताच्या तंतूंनीच हलती राहतात. आता मुंबईत गवत कुठून आणायचं? मी दुर्वांवर संसार केला. देवळाबाहेरच्या फुलवालीला सांगून ठेवलं होतं, ती मंगळवार सोडून रोज मोठा जुडगा बाजूला काढायची. मंगळवारी गणपतीची गिऱ्हाइकं आधी, ससा नंतर. जवळ तबेला असेल तर तिथला हिरवा चारा मिळतो. वाळलेलं गवत ऑनलाइन येतं, महाग पडतं, पण पावसाळ्यात तेच घ्या, कारण ओला चारा दोन दिवसांत कुबट होतो. सोबत मूठभर पाला: कोथिंबीर, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, थोडी मेथी. पालक कधीमधी. कांदा, लसूण, बटाटा, अळू नाही. पोळी, भात, बिस्किट, पाव तर अजिबात नाही, आणि इथे सासूबाईंना जपून सांगावं लागेल, कारण आपल्याकडे माया म्हणजे पोळीचा तुकडा.

हे मी आवाज चढवून सांगतेय त्याचं कारण आहे. त्या करड्याचं नाव आम्ही गोट्या ठेवलं होतं. आला तेव्हापासून दिवाळीपर्यंत मजेत होता. दिवाळीत पाहुणे, पोरं, सगळे त्याला शंकरपाळी भरवायचे, तो दोन पायांवर उभा राहून घ्यायचा, सगळ्यांना कौतुक. पाडव्याच्या दिवशी कोपऱ्यात अंग फुगवून बसला. दुर्वांना तोंड लावलं नाही. फटाक्यांना घाबरलाय म्हणून मी गोधडी पांघरली आणि म्हटलं उद्या बघू. ज्या डॉक्टरांना फोन केला ते म्हणाले, अपचन असेल, एक दिवस लंघन करू दे. आमच्या आजीचाही तोच उपाय. भाऊबीजेच्या पहाटे तो गेला. नंतर कळलं की सशाला लंघन चालतच नाही. त्याला उलटी होत नाही, आणि पोट थांबलं की आतला वायू वाढतो, दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही, खात नाही म्हणून पोट आणखी थांबतं. दहा-बारा तास काही खाल्लं नाही आणि लेंड्या पडल्या नाहीत तर ते आजारपण नव्हे, ती धावाधाव करायची वेळ. ऑपरेशनच्या आधीसुद्धा सशाला उपाशी ठेवत नाहीत. कोणी डॉक्टर तुम्हाला उपाशी ठेवायला सांगत असेल, तर त्यांना सशांची सवय नाही असं समजा.

म्हणून लेंड्या बघायला शिका. निरोगी ससा दिवसाला 200-300 लेंड्या टाकतो, वाटाण्याएवढ्या, कोरड्या, फोडल्या तर आत नुसता भुसा. त्या लहान झाल्या, केसात ओवल्यासारख्या आल्या, किंवा कमी झाल्या तर काहीतरी बिनसलंय. याशिवाय तो पहाटे एक वेगळा प्रकार करतो, काळ्या द्राक्षांच्या इवल्या घोसासारखा, मऊ, आणि तोंड खाली घालून थेट खाऊन टाकतो. लेक किळसेने ओरडेल. ओरडू दे, पण त्याला थांबवू नका. गाय रवंथ करते, तसंच त्याचं हे दुसरं जेवण. तो मऊ प्रकार जमिनीवर पडलेला दिसायला लागला तर समजा घरात कोणीतरी गुपचूप पोळी घालतंय.

लघवी कधी नारिंगी-लाल दिसली तर लगेच रक्त समजू नका, पाल्यातल्या रंगाने होते. दोन दिवसांनी जात नसेल तर दाखवा. दाखवायचं कुठे, तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, पशुवैद्यकीय कॉलेजही परळलाच. पण मुलुंडहून टॅक्सीत दीड तास सशाला हलवत नेणं सोपं नाही, म्हणून जवळपास सशांवर हात बसलेले डॉक्टर आत्ताच फोन करून शोधून ठेवा. "कुत्री-मांजरं बघतो, ससाही बघू" असं म्हणणारे नकोत. महिन्याला किती ससे बघता, असं सरळ विचारा. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन देतो म्हणाले तर नम्रपणे दुसरीकडे जा, त्याने सशाच्या पोटातले चांगले जंतू मरतात.

तो आहे की ती, हेही बघून घ्या. 2013 मध्ये आमच्या जिन्यात कोणीतरी खोक्यात एक ससा ठेवून गेलं. मुलाने नाव ठेवलं राजा. तीन आठवड्यांनी राजाने छातीवरचे केस उपटायला सुरुवात केली, तोंडात पेंढा धरून कपाटामागे न्यायला लागला, आणि सकाळी बघतो तर पाच उघडीनागडी, मिटल्या डोळ्यांची पिल्लं. तेव्हापासून राजाची राजाक्का झाली. गाभण काळ 30-31 दिवसांचा, म्हणजे तुमच्या पार्किंगमधली मादी असेल तर महिनाभरात कळेलच. असं झालं तर घाबरू नका. आई दिवसातून एकदाच पाच मिनिटं पाजते आणि लांब जाऊन बसते, ती पिल्लांना टाकत नाहीये. राजाक्काचं नंतर ऑपरेशन करून घेतलं. मादीला ते न केल्यास वय वाढल्यावर गर्भाशयाचा कॅन्सर फार होतो. नराला केल्याने भिंतीवर शिंतोडे उडवणं थांबतं, आणि इथे सासूबाईंचा मुद्दा सुटतो. सशाच्या अंगाला वास नसतो, वास लघवीचा. प्लास्टिकचं घमेलं घ्या, तळाला वर्तमानपत्र, वर पेंढा, आणि खायचं गवत घमेल्याच्याच एका कडेला. खाता खाता तिथेच करतो, आठवड्यात शिकतो. रोज पेपर बदलला तर आल्यागेल्याला कळणारही नाही.

पिंजरा जाळीच्या तळाचा नको, पायांना फोडं येतात. एक खोली किंवा बंद गॅलरीचा कोपरा, खाली गोणपाट किंवा जुनी सतरंजी. नुसत्या गुळगुळीत लादीवर पाय घसरतात. गॅलरीला जाळी हवीच, घारी तुमच्याकडेही असतील, आणि घुशी तर आहेतच. वायरी उचलून ठेवा. राजाक्काने आमच्या यजमानांची ऑफिसची मीटिंग चालू असताना इंटरनेटची वायर एका चाव्यात तोडली होती. चार्जरही तसेच गेले, किती ते मोजायचं नंतर सोडलं.

आणि ऊन. सशाला घाम येत नाही, तो कानांतून गरमी बाहेर टाकतो. आपल्या एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या दमट हवेत पारा तिशीच्या वर गेला की त्याला त्रास. कान गरम लागले, तोंड उघडं ठेवून धापा टाकायला लागला, तर कानांना ओला हात फिरवा, थंड लादीवर ठेवा आणि डॉक्टरांकडे निघा. एरवी दुपारी पाण्याची बाटली बर्फ करून फडक्यात गुंडाळून जवळ ठेवायची, तो स्वतःच तिला टेकून पडतो. पावसाळ्यात शेपटीखाली रोज बघा. ओलं, घाणेरडं राहिलं तर माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या.

हे सगळं नऊ-दहा वर्षं करायचंय. राजाक्का 2022 पर्यंत होती. लेक आत्ता पाचवीत असेल तर ससा म्हातारा होईल तेव्हा ती कॉलेजात असेल आणि घमेलं तुम्हीच साफ करत असाल, हे आज रात्री जेवताना तिच्यासमोर बोलून घ्या. ठेवायचं नाही ठरलं तरी आधी पकडा, दाखवून आणा, मग घर शोधू. माझ्या ओळखीत ससे सांभाळलेली दोन घरं आहेत, विचारून ठेवते. पण कावळ्यांच्या तोंडी तो आणखी चार दिवस टिकायचा नाही.

उद्या संध्याकाळी साडेसहाला क्रेट घेऊन खाली जा. मिळाला की अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा, चिनी मातीच्या जड वाडग्यात पाणी, दोन जुड्या दुर्वा, आणि खाली पांढरा कागद अंथरा. सकाळी त्या कागदावर किती लेंड्या पडल्या ते मोजून मला लिहा. पन्नासच्या आत असतील तर लिहीत बसू नका, आधी डॉक्टरांकडे जा.