सकाळी गार इंजिनात ऑइलची लाल लाइट का लागते?

वाचकांचे प्रश्न, गाडीची उत्तरं

प्रश्न : नमस्कार दादा. माझी २०१४ ची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक आहे, ८५ हजार किलोमीटर झालेत, रात्री बिल्डिंगखाली उघड्यावर उभी असते. सकाळी स्टार्ट केली की ऑइलची लाल लाइट नेहमीसारखी जाते, पण गेटच्या बाहेर पडून जरा रेस दिली की परत लागते. पाय काढला की जाते, दिला की परत लागते. दहा-पंधरा मिनिटांनी इंजिन तापलं की गायब, मग दिवसभर काही नाही. ऑइल मोजायच्या पट्टीवर पातळी बरोबर आहे. गॅरेजवाल्याने सेन्सर बदलला, फरक नाही. मग म्हणाला इंजिन जुनं आहे, जाड ऑइल टाकू, म्हणून २०डब्ल्यू-५० ग्रेडचं टाकलं तर आता लाइट आधीपेक्षा जास्त वेळ राहते! आता म्हणतो ऑइल पंप गेलाय, इंजिन उतरवायला लागेल. मुंबईत कुठे एवढी थंडी पडते हो? दिवाळीच्या आधी खड्ड्यात इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर आपटलं होतं, ऑइल गळायला लागलं म्हणून खोलून, ठोकून परत बसवलं, त्याचा काही संबंध असेल का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : संबंध आहे, आणि माझा पहिला संशय तिथेच जातोय. पण सरळ चेंबर खोला असं सांगण्याआधी जरा कारण समजून घ्या, म्हणजे गॅरेजमध्ये कोणी काही सांगितलं तरी तुम्हाला दोन प्रश्न विचारता येतील.

ही लाल लाइट म्हणजे मीटर नाही. इंजिनावर एक साधा स्विच असतो (गॅरेजवाले ज्याला सेन्सर म्हणतात तोच), ऑइलचा दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे दाबाचं माप) खाली गेला की तो लाइट लावतो, बस. म्हणजे लाइट लागली तेव्हा दाब थोडा कमी नसतो, जवळजवळ संपलेला असतो. आता गंमत बघा, गार इंजिनात ऑइल जाड असतं, बेअरिंगच्या फटींतून सहज निसटत नाही, त्यामुळे सकाळी दाब उलट जास्त असायला हवा, दाब मोजायच्या गेजवर तीन-चार बार दिसायला हवा आणि रेस दिली की अजून चढायला हवा. तुमच्याकडे नेमकं उलटं होतंय, गार असताना आणि रेस दिल्यावर दाब पडतोय. बेअरिंग झिजलेल्या इंजिनाची तक्रार अशी नसते, तिथे लाइट लागते इंजिन पूर्ण तापल्यावर, सिग्नलला आयडलवर, म्हणजे रेस न देता, उभं असताना, आणि रेस दिली की जाते. मग रेस दिल्यावर दाब पडतो याचा अर्थ काय, तर पंप फिरतोय पण त्याला खालून ऑइल पुरत नाहीये. पंप चेंबरमधून जाळीतून ऑइल ओढतो, आरपीएम वाढला की जास्त मागतो, आणि जाळी अडलेली असेल तर गार जाड ऑइल तेवढं येत नाही, बारीक गाळणीतून काकवी ओतल्यासारखं होतं. ऑइल तापून पातळ झालं की त्याच अडलेल्या जाळीतून पुरेसं जातं आणि लाइट विझते, आणि मग आपल्याला वाटतं की सगळं ठीक झालं.

जाड ऑइल टाकल्यावर त्रास वाढला हीच मोठी खूण आहे. बेअरिंग झिजली असती तर जाड ऑइलने लाइट कमी झाली असती. २०डब्ल्यू-५० आणि त्याहून पातळ ५डब्ल्यू-३० यांच्या जाडीतला फरक गरम इंजिनात दीड-दोन पटीचा असतो, पण सकाळच्या २० अंशाला तोच साधारण अडीच-तीन पट होतो, म्हणजे तुमच्या मेकॅनिकने नकळत टेस्ट करून दिली असं समजा, फक्त ऑइलचे पैसे तुमचे गेले.

थंडीचं म्हणाल तर मुंबईची थंडी बिचारी निर्दोष आहे. सांताक्रूझला आजवरचं सगळ्यात कमी तापमान ७.४ अंश, तेही जानेवारी १९६२ मधलं. २०डब्ल्यू ग्रेडचं ऑइल पंपाने ओढलं जातंय की नाही याची कंपन्यांची टेस्ट उणे २० अंशाला होते आणि ५डब्ल्यूची उणे ३५ ला. तेव्हा चांगल्या इंजिनाला आपल्या जानेवारीने काही होत नाही. पण आधीच अर्धी अडलेली जाळी असेल तर मुलुंडची सकाळही पुरते.

आता चेंबर. तीन गोष्टी होऊ शकतात. एक, पत्रा आत गेलाय. जाळी चेंबरच्या तळापासून अगदी थोड्या मिलिमीटरवर असते, तेवढाच दबका पडला तर तळ जाळीला जवळजवळ टेकतो आणि ऑइल यायला वाटच राहत नाही. ठोकून सरळ केलं म्हणताय, पण बाहेरून ठोकून सगळा दबका निघाला का ते कोणी बघितलं? दोन, सीलंट, आणि माझं मत विचाराल तर मी यावर पैज लावीन. चेंबर बसवताना आपल्याकडे ट्यूब रिकामी होईपर्यंत सीलंट लावायची सवय आहे, लीक व्हायला नको म्हणून. तुम्ही गाडीखाली टॉर्च घेऊन चेंबरच्या कडेला बघा, जॉइंटमधून शेवयांसारखी जाड वळी बाहेर आलेली दिसली तर समजा तेवढीच आतही आलीये. आतली वळी ऑइलमध्ये सुटून तुकडे तुकडे होते आणि पंप ते तुकडे ओढून जाळीवर चिकटवतो. चिकटलेला तुकडा लगेच निघत नाही, इंजिन बंद केल्यावर कधी खाली पडतो, म्हणून त्रास एक दिवस कमी, एक दिवस जास्त असाही वाटतो. तीन, जाळीच्या पाइपला पंपाशी जोडणारी ओ-रिंग. चेंबर उघडलं तेव्हा पाइप सोडला असेल आणि जुनीच कडक झालेली रिंग परत लावली असेल तर पंप ऑइलबरोबर हवाही ओढतो. ती बदलायला रिंग किरकोळ पैशात मिळते, महाग असते ती मेहनत.

पण काही उघडायच्या आधी गेज लावा. सेन्सर काढून त्याच जागी अ‍ॅडॉप्टरने साधा मेकॅनिकल ऑइल प्रेशर गेज बसतो, अर्ध्या तासाचं काम. आता इथे एक गोची आहे जी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, तुम्ही मुलुंडहून गाडी चालवत गॅरेजला नेता तोपर्यंत इंजिन तापलेलं असतं, मेकॅनिकला लाइट दिसतच नाही, मग तो अंदाजाने सेन्सर बदलतो, तुम्ही दोन दिवसांनी परत जाता. गाडी रात्री गॅरेजमध्येच ठेवा आणि सकाळी तुमच्या समोर गार इंजिनात गेज लावून स्टार्ट करायला सांगा. मग रेस देऊन आरपीएम २००० वर नेला की काटा चढायला हवा. काटा चढायच्या ऐवजी पडला आणि थरथरायला लागला तर ओढण्याच्या बाजूचाच दोष आहे, चेंबर खोला. काटा ठणठणीत असून डॅशबोर्डवर लाइट लागत असेल तर वायर बघा, सेन्सरच्या जवळ ती कापली गेलेली असते किंवा कनेक्टरमध्ये हिरवट गंज चढलेला असतो, समुद्राच्या हवेत हे होतं. आणि काटा गारमध्ये रेस न देताही कमी असेल, तर पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारी झडप) उघडा अडकलाय का तेही बघायला हवं, हे चेंबर खाली काढल्यावर कळतं.

इंजिन उतरवायचं म्हणतात त्यावर माझा विश्वास नाही. बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत चेंबर जागेवर निघतं, जास्तीत जास्त सायलेन्सरचा पुढचा पाइप सोडावा लागतो. चेंबर निघालं की स्वतः बघा, तळाला काळा चिखल आहे का, सीलंटचे तुकडे आहेत का, चमकणारे धातूचे कण आहेत का. कण असतील तर गोष्ट वेगळी, मग बेअरिंग बघायला हवं आणि पंपाचाही विचार करावा लागेल. नसतील तर जाळी धुवा, ओ-रिंग नवी लावा, फिल्टर नवा, आणि ऑइल परत कंपनीच्या मॅन्युअलमधल्या ग्रेडचं. सीलंट लावताना बारीक एकसारखी रेघ, ट्यूबवर लिहिलेला वेळ वाळू द्यायचं आणि मगच ऑइल भरायचं. फ्लश (आतला चिखल सोडवणारं औषध) टाकून चालू इंजिनातच साफ करू असं कोणी म्हटलं तर नको म्हणा, जाळी आधीच अडलेली असताना वरचा सगळा चिखल सोडवून तिच्याकडे पाठवायचा म्हणजे काय उपयोग.

तोवर गाडी चालवू नका. "दहा मिनिटांनी लाइट जाते ना" हे मनातून काढा, त्या दहा मिनिटांत क्रँक आणि कॅमशाफ्ट कोरडे घासतायत. गॅरेजला टो करून न्या.

प्रश्न : सर, माझ्या गाडीत सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर लाइट पाच-सहा सेकंद जात नाही आणि खडखड येतो, मग सगळं शांत. आठवडाभर उभी राहिली की जास्तच. दुपारी कधी नाही होत. वरच्या उत्तरासारखंच चेंबर का?
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : नाही, तुमचं बहुधा फिल्टरचं आहे. तुमची लाइट रेस दिल्यावर लागत नाही, सुरुवातीलाच उशिरा विझते, हा फरक लक्षात ठेवा. ऑइल फिल्टरच्या आत रबराची एक पातळ झडप असते, इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल खाली वाहून जाऊ नये म्हणून. ती कडक झाली की रात्रभरात फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी पंपाला आधी फिल्टर भरावा लागतो, मग वर ऑइल जातं, तोपर्यंत टॅपेट आणि टायमिंग चेन वाजतात. फिल्टर आडवा किंवा तोंड खाली असेल तर हे जास्त होतं, तोंड वर करून लटकलेला असेल तर जवळजवळ होत नाही. स्वस्त फिल्टरमध्ये साध्या नायट्राइल रबराची झडप असते, उष्णतेने ती लवकर कडक होते, सिलिकॉनची जास्त टिकते. कंपनीचाच फिल्टर लावा आणि दुकानदाराकडून बिल घ्या, हुबेहूब डबीतला डुप्लिकेट माल बाजारात भरपूर आहे. नवा फिल्टर लावून दुसऱ्या दिवशी सकाळी बघा, लाइट एक-दोन सेकंदात गेली की झालं. स्टार्ट केल्याबरोबर रेस देऊन लाइट घालवायची सवय असेल तर ती सोडा, तेव्हा वर ऑइल पोचलेलंच नसतं.

प्रश्न : सीएनजी गाडी आहे, दोन लाखांच्या वर चाललीये. दुपारी ट्रॅफिकमध्ये सायनच्या सिग्नलला एसी लावून उभं असलो की ऑइलची लाइट लुकलुकते, पाय दिला की जाते. सकाळी काही नाही.
— एक टॅक्सीवाले, अँटॉप हिल

उत्तर : दादा, तुमची केस मुलुंडवाल्यांच्या बरोबर उलटी आहे. आधी आयडल आरपीएम बघा, एसी लावल्यावर तो साडेपाचशे-सहाशेला पडत असेल तर नुसतं थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ करूनही लाइट जाऊ शकते. मग ऑइल किती जुनं झालं ते बघा. सीएनजीवर ऑइल काळं कमी होतं म्हणून लोक बदलायचं लांबवतात, पण रंग साफ दिसला म्हणजे ऑइल चांगलं असं नाही. हे दोन्ही करून लाइट राहिली तर इंजिन पूर्ण तापवून गेज लावा. आयडलवर एक बारच्या आसपास असेल तर चालवा, अर्ध्या बारच्या जवळ असेल तर बेअरिंगच्या कामाची तयारी ठेवा. तुमच्या बाबतीत मॅन्युअलमध्ये दिलेल्यांपैकी एक ग्रेड जाड ऑइल टाकून काही महिने निघू शकतात, पण ते निघतात एवढंच.

प्रश्न : मी डिझेल एसयूव्ही वापरते, २०२१ ची. रोज चेंबूरला घर ते शाळा ते बाजार, एवढंच चालते. लाइट वगैरे काही नाही पण पट्टीवर ऑइल वाढत चाललंय, आता मॅक्सच्या वर गेलंय. कमी होत नाही म्हणजे चांगलंच ना?
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : ताई, चांगलं नाही. बीएस-६ प्रदूषण नियमांच्या डिझेल गाडीत सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर असतो आणि तो जाळून साफ करायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं. छोट्या छोट्या फेऱ्यांत ही सफाई अर्धवट राहते, परत परत सुरू होते, आणि त्यातलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. म्हणजे पट्टीवर जे वाढलंय ते डिझेल आहे, आणि त्याने ऑइल पातळ होऊन तीच लाल लाइट पुढे गरम इंजिनात दिसायला लागेल. पट्टी पुसून नाकाजवळ धरा, वास येईल. पातळी मॅक्सच्या वर असेल तर आधी ऑइल आणि फिल्टर बदला, किलोमीटर झालेले नसले तरी. त्यानंतर आठवड्यातून एकदा ईस्टर्न फ्रीवेवर न थांबता वीसेक मिनिटं चालवा, आणि डीपीएफची लाइट लागली असेल तर सफाई पूर्ण होईपर्यंत गाडी बंद करू नका.