एसीएल आणि मेनिस्कसचं ऑपरेशन होऊन साडेतीन महिने झाले, गुडघा दुखत नाही. सप्टेंबरच्या मोसमात फुटबॉल खेळता येईल का?

सप्टेंबरमध्ये नाही. तुला हे ऐकायचं नव्हतं हे मला कळतं, पण आधी तेवढं सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

तू लिहिलंयस त्यावरून एवढं कळलं: वय २१, गोव्यातल्या पेडण्याचा, विंगर म्हणजे कडेने चढाई करणारा. गावच्या स्पर्धेत चेंडू घेऊन वळताना गुडघा सटकला. एसीएल, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड आतून बांधून ठेवणारा दोरखंड, नवीन घातलं, मेनिस्कस, म्हणजे त्या दोन हाडांमधली गादी, शिवला, आणि डॉक्टर म्हणाले की कार्टिलेजवरही, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरावरही, थोडं काम केलंय. आता सूज नाही, दुखत नाही, जिने चढता येतात आणि क्लबचा सराव तोंडावर आलाय. मी डिचोलीचा, बचावफळीत खेळायचो. एसीएल आणि मेनिस्कस दोन्हीच्या ऑपरेशनमधून गेलोय, परत मैदानात उतरलोय आणि आता गावातल्या पोरांचा सराव घेतो. वयाने बराच मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतोय.

'दुखत नाही' यावर अजिबात विसंबू नकोस. तुझ्या गुडघ्यात एसीएल म्हणून जे घातलंय ते टेंडन आहे, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा पट्टा, बहुधा मांडीच्या मागच्या बाजूने किंवा गुडघ्याच्या वाटीच्या खालून काढलेलं. हाडांत बोगदे पाडून ते आत बसवतात. बसवलं त्या दिवशी ते दणकट असतं. मग त्यातल्या जुन्या पेशी मरतात, नवीन रक्तवाहिन्या आत शिरायला लागतात, आणि या मधल्या काळात, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, ते सगळ्यात कच्चं असतं. लावणी केलेलं भाताचं रोप आधी पिवळं पडतं आणि मग मूळ धरतं, तसं. त्यानंतरही वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ, ते आतून बदलत राहतं. पंचाईत अशी की नेमक्या त्याच सुमाराला सूज उतरलेली असते, दुखणं गेलेलं असतं आणि घरचेही म्हणायला लागतात की पोरगा बरा झाला.

आता तुझ्या ऑपरेशनचा कागद काढ. डिस्चार्जचा नव्हे, ऑपरेशनमध्ये काय काय केलं ते लिहिलेला. तो मिळाला नसेल तर इस्पितळात जाऊन माग, तुझा हक्क आहे. मेनिस्कस खरंच शिवला की फाटलेला तुकडा कापून काढला, हे त्यावर असतं, आणि दोन्हींत फार अंतर आहे. तुकडा काढला असेल तर पाय लवकर टेकवता येतो. शिवला असेल तर पहिले काही आठवडे वजन आणि वाकवणं दोन्ही जपावं लागतं आणि खोल बैठका बरेच महिने बंद असतात. मेनिस्कसच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्त पोचतं, आतल्या भागाला पोचत नाही, म्हणून टाका कुठे घातलाय त्यावरही भरून येणं ठरतं. कार्टिलेजला तर रक्तवाहिन्याच नाहीत आणि दुखणं कळवणारे मज्जातंतूही नाहीत. म्हणून त्याची झीज बराच काळ कळत नाही. तिथे मायक्रोफ्रॅक्चर केलं असेल, म्हणजे हाडाला बारीक छिद्रं पाडून रक्त वर आणलं असेल, तर त्या जागी नवा थर तयार होऊन पक्का व्हायला महिने लागतात आणि तुझं पळणं नुसतं एसीएल झालेल्या पोरापेक्षा उशिरा सुरू होतं. तुझ्या क्लबातला कोणी चौथ्या महिन्यात पळायला लागला असेल, तर त्याचा गुडघा वेगळा होता असं समज आणि स्वतःच्या सर्जनला विचार.

मला सगळ्यात जास्त काळजी मात्र तुझ्या मांडीची वाटते. तू मांडीबद्दल एक शब्दही लिहिलेला नाहीस. गुडघ्यात पाणी भरलं की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला गप्प बसवतो आणि पंधरवड्यातच मांडी सुकते. ती आपोआप परत येत नाही. आज रात्री शिंप्याची टेप घे, दोन्ही पायांच्या वाटीच्या वरच्या कडेपासून चार बोटं वर खूण कर आणि घेर मोज. मग पलंगावर पाय लांब करून बस, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेव आणि गुडघा खाली दाबत मांडी आवळ. चांगल्या पायाची वाटी वर सरकून मांडीवर ठसठशीत रेघ उठेल. ऑपरेशनच्या पायावर तशी उठते का, ते बघ. गुडघ्याची मागची बाजू दुसऱ्या पायाइतकीच खाली जाते का, तेही बघ. पाच-सात अंशांचा वाकही चालायचा नाही, कारण त्याने चाल बिघडते आणि वाटीच्या मागे दुखायला लागतं. सरळ करताना पुढच्या बाजूला काही अडल्यासारखं वाटत असेल, तर फिजिओकडे व्यायाम वाढवून घेत बसू नकोस, सर्जनला दाखव. कधी तिथे जास्तीची गाठ वाढलेली असते.

सूज बघायचीही एक रीत आहे आणि ती रोज सकाळी उठल्या उठल्या करायची. वाटीच्या आतल्या बाजूला खळगा असतो. तिथून तळव्याने वरच्या दिशेला दोन-तीनदा निपटून घे, मग बाहेरच्या बाजूने वरून खाली हात फिरव. खळग्यात हळूच फुगवटा आला तर आत पाणी आहे. आदल्या दिवशी केलेला व्यायाम जास्त झाला, त्या दिवशी कमी करायचा. सरावाआधी पेनकिलर घेऊ नकोस, गोळी घेतली की हा हिशेबच कळत नाही. आणि कोणी कितीही नावाजलेला असला तरी तेल लावून गुडघा पिळून घ्यायचा नाही.

तारखेचं म्हणशील तर नऊ महिने ही खालची मर्यादा आहे. २०१६ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये एसीएल झालेल्या खेळाडूंचा एक अभ्यास आला होता. परतणं जितकं लांबवलं तितकी गुडघ्याची पुन्हा दुखापत कमी, नऊ महिन्यांपर्यंत दर महिन्यामागे ५१ टक्क्यांनी. त्याच अभ्यासात ताकदीच्या आणि उड्यांच्या चाचण्या पास होऊन परतलेल्यांपैकी ५.६ टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली, पास न होता परतलेल्यांपैकी ३८.२ टक्क्यांना. मी हे आकडे पोरांच्या आईबापांनाही सांगतो. तुझ्या वयाला हे जास्तच लागू आहे, कारण पंचविशीच्या आत वळण्या-थांबण्याच्या खेळात परतणाऱ्यांत जवळपास चारातल्या एकाला पुन्हा एसीएलला दुखापत होते, कधी त्याच पायाला, कधी दुसऱ्या. ब्राझीलच्या नेमारचं एसीएल आणि मेनिस्कस १७ ऑक्टोबर २०२३ ला गेलं आणि तो मैदानात दिसला २१ ऑक्टोबर २०२४ ला. त्याच्या दिमतीला काय कमी होतं? संदेश झिंगनचाही २०१९-२० चा अख्खा मोसम एसीएलने खाल्ला, नंतर तो पुन्हा भारताच्या बचावफळीत उभा राहिला.

चाचण्या म्हणजे काय, तर मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के हवी आणि ती यंत्रावर मोजलेली हवी, हाताने दाबून अंदाज घेतलेला चालत नाही. एका पायावर लांब उडी, सलग तीन उड्या, रेघेच्या आलटून-पालटून दोन्ही बाजूंना उड्या, यांतही तेवढंच. उडी किती लांब पडली यापेक्षा उतरताना गुडघा आत झुकतो का, हे मी आधी बघतो. मोबाइलवर समोरून व्हिडिओ काढ आणि सावकाश लावून बघ. बहुतेक एसीएल कोणाचा धक्का न लागता, असंच पाय रोवून गुडघा आत झुकला की जातं. मोजायचं यंत्र जवळपास नसेल तर बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, फिजिओथेरपी विभागात विचार.

आता आपल्याकडच्या काही गोष्टी, ज्या परदेशी व्हिडिओंत कोणी सांगत नाही. पावसाळा चालू आहे. चिऱ्याच्या पायऱ्या आणि अंगण शेवाळाने बुळबुळीत असतं, मैदानापेक्षा मला त्याची भीती जास्त. स्कूटर थांबवताना ऑपरेशनचा पाय ओल्या मातीत टेकवू नकोस आणि किक मारायची गाडी तर सध्या कोणाची घेऊच नकोस. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरी भजनाला तासन् तास मांडी घालून बसावं लागेल, तर खुर्ची मागून घे. खोल वाकलेला आणि वर पिळलेला गुडघा म्हणजे मेनिस्कसच्या मागच्या टाक्यावर थेट ताण. म्हाताऱ्या माणसांना आधी सांगून ठेव, कोणी रागवत नाही. पाऊस गेला की मित्र मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर पळायला बोलावतील. वरची वाळू पायाखालून सरकते आणि पाण्याजवळची घट्ट वाळू उतरती असते, म्हणजे एक पाय सतत खालच्या बाजूला. पळायची परवानगी मिळाल्यावरही आधी सपाट गवत. पोहणं उत्तम, पणजीत कांपालचा तलाव आहेच, छातीइतक्या पाण्यात चालणं तर फारच चांगलं. फक्त बेडकासारखे पाय मारायचे नाहीत, त्यात गुडघा पिळतो.

भीतीबद्दल तू एका ओळीत लिहून पुढे गेलायस, पण ती ओळ मी दोनदा वाचली. वळायच्या आधी पाय थबकतो, असं तू म्हणतोस. ते खरं आहे आणि ते जवळजवळ सगळ्यांना होतं. एसीएलनंतर स्पर्धात्मक खेळात परतणारे सुमारे ५५ टक्केच, आणि उरलेल्यांत गुडघा चांगला असूनही मनाने न उतरलेले बरेच असतात. यावर धीर देणारे शब्द फारसे कामाला येत नाहीत. कामाला येतं ते हळूहळू वाढवत नेणं: सरळ पळणं, मग ठरलेल्या खुणेला वळणं, मग कोणी अचानक हाक मारेल तिकडे वळणं, मग समोर माणूस, मग धक्का. प्रत्येक पायरीवर पाय थबकायचा थांबला की पुढची. तोवर संघापासून तुटू नकोस. सरावाला जाऊन बस, चेंडू पुरव, मॅचचे व्हिडिओ काढ. गेलेला मोसम एकट्याने घरी काढला की तो दुप्पट लांब वाटतो.

आणि परतशील तेव्हा आधी महिनाभर संपूर्ण सराव, मग मॅचची शेवटची पंधरा-वीस मिनिटं, मग अर्धा वेळ. सराव सुरू करताना फिफा ११+ चा वॉर्म-अप रोज, वीस मिनिटांचा आहे, पुऱ्या संघाने केला तर उत्तम. भात कापल्यावर शेतात ज्या स्पर्धा भरतात, त्या मला जिवापाड आवडतात, माझं निम्मं फुटबॉल तिथंच झालंय. पण धसकटं, ढेकळं आणि सुकून भेगाळलेल्या त्या जमिनीवर बूट अडकतो आणि अंग पुढे जातं, म्हणून परतल्यावरच्या पहिल्या वर्षी तिथे खेळायचं नाही, अंतिम सामना तुझ्याच वाड्यावर असला तरी.