आईची पिवळी पडलेली नायलॉनची साडी नीळ घालून धुवावी का? संग्रहालयात असे कपडे कसे स्वच्छ करतात?

तुमच्या आईची १९७० च्या सुमाराची, पांढऱ्यावर निळी फुलं असलेली नायलॉनची साडी पिवळट पडली आहे. ती नीळ घालून धुवावी का, आणि संग्रहालयात अशा कपड्यांचं काय करतात, असं तुम्ही विचारलंय. मी वस्त्रसंवर्धनाचं काम करते. नीळ घालू नका आणि ब्लीच तर अजिबात नको, हे आधी सांगते.

नायलॉन पाण्यात सुटलेला रंग पटकन ओढून घेतं. रंगीत कपड्यांबरोबर धुतलेलं पांढरं नायलॉन कळकट होतं ते यामुळेच. बाटलीतली नीळ म्हणजेही रंगच. एकदा डाग बसला की तो काढणं फार अवघड. क्लोरीनच्या ब्लीचने तर ते आणखी पिवळं आणि कमजोर होतं.

साडी दिवसाच्या उजेडात उलगडा आणि घड्या नीट बघा. बाहेरच्या कडा पिवळ्या आणि घडीच्या आतले थर पांढरे असतील, तर तो मळ नव्हे. प्रकाश आणि हवेने धागाच बदललाय, तो धुऊन पूर्ववत होणार नाही. प्लास्टिकच्या पिशवीमुळेही असं होतं: पिशवीतलं रसायन कापडात उतरतं आणि गाड्यांच्या धुरातल्या वायूंशी मिळून पिवळं पडतं. खांद्यापाशी किंवा निऱ्या खोचायच्या जागी वेगळा डाग दिसला, तर मात्र तो तेलाचा किंवा घामाचा असू शकतो.

आमच्याकडे सुरुवात कोरडीच असते. नायलॉन, टेरिलीन (म्हणजे पॉलिएस्टर) ओलावा फार कमी धरतात (टेरिलीन तर जेमतेम ०.४ टक्के), म्हणून त्यांच्यात स्थिर वीज साठते आणि धूळ चिकटून बसते. कापडावर बारीक जाळी पसरायची, व्हॅक्यूमचा जोर अगदी कमी ठेवायचा आणि मऊ ब्रशने धूळ नळीकडे लोटायची. एका साडीला अख्खी दुपार जाते. बऱ्याचदा काम इथेच थांबतं.

पाणी वापरायचंच असेल तर प्रत्येक रंगावर एकेक थेंब टाकून टिपकागद दाबून ठेवतो. कागदावर निळसर छटा उतरली तर धुणं रद्द. नाही उतरली, तर साडी जाळीवर आडवी ठेवून क्षारविरहित थंड पाण्यात, सुगंध किंवा पांढरेपणा आणणारी द्रव्यं नसलेल्या साबणाने स्पंजने दाबत धुतो. पिळायचं नाही, गरम पाणी नाही. उष्णतेने नायलॉनवर पडलेल्या चुण्या कायमच्या बसतात.

‘सिंथेटिक’ या एका शब्दावर मात्र विसंबू नका. आर्ट सिल्क बहुधा व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा असतं, ते ओलं झालं की त्याची ताकद निम्म्यावर येते. ॲसिटेट हे आणखी एक कृत्रिम कापड तर नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या ॲसिटोनने विरघळतं. म्हणून डागावर घरगुती प्रयोग नकोच.

मी एकदा टेरिलीनचा सदरा हाताळला होता. त्याच्या कॉलरवर तेलकट काळी रेघ होती. पॉलिएस्टर तेल घट्ट धरून ठेवतं. रेघ काढायची तर कापड घासावं लागलं असतं. मी ती तशीच ठेवली. ती घालणाऱ्याच्या मानेची खूण होती आणि मला ती मोलाची वाटली.

तुमची साडी प्लास्टिकच्या पिशवीत असेल, तर आजच बाहेर काढा. धुऊन मऊ झालेल्या, खळ न घातलेल्या पांढऱ्या मलमलमध्ये सैल गुंडाळा आणि अंधाऱ्या, कोरड्या कप्प्यात ठेवा. नायलॉन हे काही कसरीचं खाणं नव्हे, त्यामुळे डांबराच्या गोळ्यांचीही गरज नाही. दर काही महिन्यांनी घडीची जागा बदला.