न्यूयॉर्कला दोनच दिवस आहेत, टेनेमेंट म्युझियम बघावं का?

हो, नक्की बघा. टेनेमेंट म्हणजे भाडेकरूंनी दाटीवाटीने राहायची बिल्डिंग, आणि हे म्युझियम तशाच एका खऱ्या बिल्डिंगमध्ये आहे. ऑर्चर्ड स्ट्रीटवरची ही ९७ नंबरची बिल्डिंग १८६३ची, १९३५मध्ये मालकाने भाडेकरू काढले आणि वरचे मजले तसेच बंद राहिले, त्याआधी इथे हजारो माणसं राहून गेली, एकेक कुटुंब तीन छोट्या खोल्यांत, अगदी आपल्या चाळीसारखं. इथे राहिलेल्या लेव्हाईन कुटुंबाच्या घरात तर समोरच्या खोलीत कपडे शिवायचे आणि स्वयंपाकघरातल्या शेगडीवर इस्त्र्या तापायच्या, त्यातच पोरंबाळं, मला तिथून हलवेना. भिंतींवर वॉलपेपरचे थरावर थर दिसतात ते जरूर बघा. गाईडसोबतच आत सोडतात म्हणून तिकीट आधीच ऑनलाईन काढा, आणि एकच टूर जमणार असेल तर घरांचीच घ्या.