सही करण्याआधी : सिडनीतल्या एका होतकरू लेखिकेस पत्र

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कथांची फाइल आणि तिच्यासोबत पाठवलेला प्रकाशनाचा करार, दोन्ही मी काल रात्री वाचले. कथांविषयी समोरासमोर बोलू. करारावर मात्र तूर्त सही करू नकोस. पंधरा दिवसांत उत्तर न दिल्यास प्रस्ताव रद्द होईल असे त्यात लिहिले असले, तरी चांगले प्रकाशक लेखकाला अशी घड्याळे दाखवत नाहीत.

इथे लेखकांना मदत करणारी संस्था कोणती, असे तू विचारले आहेस. पुण्यात वाढल्यामुळे तुझ्या डोळ्यांसमोर साहित्य परिषदेसारखे एक घर असावे, जिथे व्याख्यान, पुरस्कार, ग्रंथालय आणि वादविवाद सगळे एकाच छपराखाली चालते. ऑस्ट्रेलियात तसे घर नाही. इथे लिहायला शिकवणारे वेगळे, करार तपासणारे वेगळे, पैसे वसूल करून देणारे वेगळे आणि अनुदान वाटणारे आणखी वेगळे. चुकीच्या दारात उभे राहिलो की नम्रपणे परत पाठवले जातो, आणि नवखा लेखक त्यालाच नकार समजून बसतो.

तुझ्या हातातल्या कागदापासूनच सुरुवात करतो. छपाई व प्रसिद्धीच्या खर्चापोटी तू साडेतीन हजार डॉलर भरायचे, त्याला ‘भागीदारी’ असे गोंडस नाव, आणि मानधन निव्वळ उत्पन्नाच्या दहा टक्के. दहा टक्के हा आकडा पाहून तुझे समाधान झालेले दिसते, कारण इथे छापील पुस्तकासाठी साधारणपणे तोच दर प्रचलित आहे. पण तो किरकोळ विक्रीच्या किमतीवर मोजायचा असतो. ३३ डॉलरच्या पुस्तकातून जीएसटीचे ३ डॉलर वजा केले की ३० उरतात आणि तुझ्या वाट्याला ३ डॉलर येतात. दुकानदार आणि वितरक यांची सूट मिळून निम्म्यावर गेली, तर प्रकाशकाच्या हाती १५ डॉलरही पडत नाहीत, आणि त्याचे दहा टक्के म्हणजे जेमतेम दीड डॉलर. ‘निव्वळ’ या एका शब्दाच्या फरकाने तुझे उत्पन्न अर्धे होते.

त्याहून गंभीर कलम सातवे आहे. ‘सर्व भाषांतील, सर्व प्रदेशांतील, सर्व माध्यमांतील हक्क, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी.’ ऑस्ट्रेलियात ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे असते, भारतात ६०. म्हणजे तुझी नातवंडे म्हातारी होईपर्यंत. असेच एक कलम मी पूर्वी न वाचता मान्य केले होते. पुढे एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझी एक इंग्रजी कथा मराठीत मागितली, तेव्हा माझीच कथा माझ्याच मातृभाषेत लिहिण्यासाठी मला प्रकाशकाकडे लेखी परवानगी मागावी लागली. उत्तर येईपर्यंत दिवाळी होऊन गेली होती. दोन भाषांत लिहिणाऱ्या तुझ्यासारखीने मराठीचा हक्क स्वतःकडे राखून ठेवणे हे पहिले काम आहे, आणि पुस्तक बाजारात मिळेनासे झाल्यास हक्क लेखकाकडे परत यावेत, हे कलम घालून घेणे हे दुसरे.

हे तुला नेमकेपणाने सांगणारी संस्था म्हणजे ऑस्ट्रेलियन सोसायटी ऑफ ऑथर्स. १९६३ साली स्थापन झालेली ही लेखकांची संघटना आहे. साहित्यिक मंडळापेक्षा तिचे रूप कामगार संघटनेच्या जवळचे आहे, आणि मला तेच आवडते. करार तपासून देण्याची तिची सेवा सशुल्क आहे, पण साडेतीन हजार डॉलर घालवण्यापेक्षा ती फी कितीतरी कमी पडेल. ती झेपत नसेल, तर सिडनीतच आर्ट्स लॉ सेंटर आहे; १९८३ पासून ते कलावंतांना मोफत किंवा अल्प खर्चात कायदेशीर सल्ला देत आले आहे.

सोसायटी लेख, वाचन, व्याख्यान यांसाठी किमान दरही जाहीर करते. आपल्या मराठी मनाला हे फार जड जाते. आपल्याकडे लेखकाला मिळतात त्या पैशांना आपण मानधन म्हणतो, आणि एकदा पैशाला ‘मान’ जोडला की त्याची घासाघीस करणे असभ्य वाटू लागते. इथे तो दर असतो, जसा प्लंबरचा असतो. एखाद्या शाळेने वा ग्रंथालयाने तुला बोलावले, तर ‘सोसायटीच्या दराप्रमाणे’ एवढेच लिहायचे आणि पुढची लाज बाळगायची नाही. पहिल्यांदा ते वाक्य ईमेलमध्ये लिहिताना मी ते तीनदा खोडले होते.

याच संघटनेच्या दीर्घ आग्रहामुळे इथे ग्रंथालय-हक्काची योजना आली. ग्रंथालयात पुस्तक फुकट वाचले जाते तेव्हा लेखकाची विक्री बुडते, म्हणून सरकार लेखकाला व प्रकाशकाला दरवर्षी भरपाई देते. पब्लिक लेंडिंग राइट १९७४ मध्ये सुरू झाला. ब्रिटनमध्ये त्यासाठीचा कायदा व्हायला १९७९ उजाडले, आणि भारतात अशी योजना आजही नाही. २००० साली शैक्षणिक ग्रंथालयांसाठी तशीच जोडयोजना आली आणि अलीकडे ई-पुस्तकेही या योजनांच्या कक्षेत आली आहेत. मात्र सार्वजनिक ग्रंथालयांत पुस्तकाच्या अंदाजे ५० तरी प्रती असाव्या लागतात, आणि लेखक ऑस्ट्रेलियाचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी असावा लागतो. तू अजून विद्यार्थी व्हिसावर आहेस, त्यामुळे हे दार सध्या बंद आहे; पण पुढे उघडेल तेव्हा तुझा हक्क एखाद्या जुन्या कराराने गिळलेला नसावा, म्हणून आत्ताच सांगतो आहे. शाळा-विद्यापीठांतून झालेल्या झेरॉक्सचे पैसे कॉपीराइट एजन्सी वाटते. तिचे सभासदत्व मोफत आहे, एक फॉर्म भरून ठेवायचा.

अनुदानांविषयी थोडक्यात. क्रिएटिव्ह ऑस्ट्रेलिया ही केंद्र सरकारची कलासंस्था आहे आणि १ जुलै २०२५ पासून तिच्यात रायटिंग ऑस्ट्रेलिया हा साहित्यासाठीचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आहे. तिथेही नागरिकत्वाची किंवा कायम वास्तव्याची अट आहे. शिवाय अनुदानाचा अर्ज लिहिणे हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे, आणि माझ्या मते पहिल्या पुस्तकाच्या लेखकाने त्यात वर्ष घालवू नये.

खरी सुरुवात लेखन-केंद्रांपासून कर. जवळजवळ प्रत्येक राज्यात असे केंद्र आहे. पहिले ॲडलेडला १९८५ मध्ये निघाले. मेलबर्नचे व्हीलर सेंटरच्या इमारतीत आहे, ब्रिस्बेनचे राज्य ग्रंथालयात. आपले, म्हणजे न्यू साउथ वेल्स राज्याचे रायटिंग एनएसडब्ल्यू, सिडनीतल्या कॅलन पार्कमध्ये आहे, जुन्या मनोरुग्णालयाच्या विस्तीर्ण आवारातल्या गॅरी ओवेन हाउस या घरात. लेखकांना नेमके इथेच का आणून बसवले, हा विनोद तिथे येणारा प्रत्येक जण एकदा तरी करतो. कार्यशाळा, हस्तलिखित-मूल्यांकन आणि संलग्न लेखनगट हे त्यांचे मुख्य काम.

लेखनगट म्हणजे काय, हे तू प्रत्यक्ष पाहायला हवेस. आमचा गट दर पंधरवड्याने मंगळवारी संध्याकाळी कौन्सिलच्या ग्रंथालयातल्या वरच्या खोलीत बसतो. आठ-नऊ माणसे, त्यांत एक ट्रामचालक, एक निवृत्त नर्स, एक लेबनीज आजी. नियम एकच : ज्याच्या लिखाणावर चर्चा चालू आहे, त्याने ती संपेपर्यंत तोंड उघडायचे नाही. माझ्या पहिल्या कथेत सवाष्णीचे जेवण होते. नर्सबाईंनी समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते, ‘या बाईला का बोलावले आहे ते मला कळत नाही, पण ती ताटावरून उठली तेव्हा मला रडू आले.’ तळटीप द्यायची की नाही यावर मी महिनाभर डोके फोडत होतो. त्या एका ओळीने प्रश्न मिटला आणि तळटीप गेली. इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत तीच कथा छापली तेव्हा सगळ्यांनी ‘छान’ म्हटले होते. ‘छान’ने मला काहीच शिकवले नव्हते.

पश्चिम सिडनीत राहतेस, तर स्वेटशॉपविषयीही माहिती काढ. कादंबरीकार मायकेल मोहम्मद अहमद यांनी उभी केलेली ही चळवळ स्थलांतरित आणि आदिवासी पार्श्वभूमीच्या लेखकांबरोबर काम करते, आणि ‘आपल्या संस्कृतीची चव’ विकणारे गोडमिट्ट लेखन तिथे खपवून घेतले जात नाही. तुझ्या दुसऱ्या कथेतल्या मोगऱ्याच्या आणि हळदीच्या वासाचे तिथे काय होईल, याची मला उत्सुकता आहे.

कटूम्बाचे वरुणा हे लेखकांचे निवासस्थान तूर्त बाजूला ठेव. एलिनॉर डार्क या कादंबरीकार आणि त्यांचे पती यांचे हे घर त्यांच्या मुलाने १९८९ मध्ये लेखकांसाठी दिले. दिवसभर शांतता, संध्याकाळी सर्वांनी एका टेबलावर जेवण. नाव आपल्या वरुणाचेच वाटते, म्हणून तुला ओढ लागेल; पण तिथे जायला बराच पुढे गेलेला खर्डा हाती हवा.

आणि समजा, शेवटी पुस्तक स्वतःच काढायचे ठरवलेस, तर तो मार्ग मुळीच कमी प्रतीचा नाही. फक्त तो स्वतःच्या हिशेबाने चाल, ‘भागीदारी’च्या नावाने नको. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, भारतात मोफत मिळतो, इथे विकत घ्यावा लागतो. छापल्यावर एक प्रत कॅनबेराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि एक राज्य ग्रंथालयात जमा करणे कायद्याने बंधनकारक आहे, मग पुस्तक मराठीत का असेना. इथे छापलेले माझे चिमुकले मराठी पुस्तक पोस्टाने कॅनबेराला पाठवले, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने मुखपृष्ठावरचा देवनागरी मथळा पाहून ही कोणती भाषा, असे विचारले. काही महिन्यांनी ग्रंथालयाच्या सूचीत ‘मराठी’ अशी नोंद दिसली, आणि ती मी घरात सर्वांना बोलावून दाखवली.

आता काम सांगतो. त्या प्रकाशकाला दोन ओळींचे उत्तर पाठव, की करार सल्ल्यासाठी दिला आहे आणि उत्तराला महिना लागेल. त्यावर ते काय लिहितात ते मला जसेच्या तसे पाठव. येत्या मंगळवारी साडेसहाला ग्रंथालयात ये. तिसऱ्या कथेची पहिली पाच पाने, दुप्पट ओळअंतर ठेवून, नऊ प्रती. समास मोठा ठेव, नर्सबाईंना जागा लागते.

तुझा,
काका